आधी टेबल, मग सीएनसी!

मशीन ऑर्डर करायला पाच मिनिटं लागतात. ते नीट बसवणं, जागचं हलणार नाही असं घट्ट करणं आणि त्याच्यापासून आपली बोटं आणि डोळे सांभाळणं, हा खरा प्रोजेक्ट आहे. छोटं सीएनसी घ्यायचा प्लॅन असेल, तर खोका उघडण्याआधी हे वाचाच.

लाकडाच्या फळीवर एक बारीक टोक उतरतं, भुशाचं छोटं कारंजं उडतं आणि मिनिटाभरात कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर कोरून तयार! अशी रील बघून ‘आपल्याला पण हे पाहिजे’ असं न वाटलेला इंजिनीअरिंगचा किंवा डिझाइनचा स्टुडंट सापडणं कठीण. मग चार-पाच जण कॉन्ट्री काढतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टचं निमित्त असतंच. खोका येतो, रात्र जागून मशीन जोडलं जातं, आणि अभ्यासाच्या टेबलावर ठेवून सगळे एकदम स्टार्ट म्हणतात.

रीलमध्ये एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही. ते मशीन उभं कशावर आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हॉबी सीएनसी आंधळं असतं. त्याच्यातल्या स्टेपर मोटरला कंट्रोलर फक्त हुकूम सोडतो, की इतक्या स्टेप्स फिर. मोटर खरंच तेवढी फिरली का, हे तो उलटून विचारत नाही. टूल क्लॅम्पला अडकलं, मोटर जागच्या जागी कुरकुरली, तरी कंट्रोलरच्या हिशोबात टूल ठरल्या जागी पोचलेलं असतं. तिथून पुढचं सगळं डिझाइन तितकंच सरकून कापलं जातं. फळी निसटली, टेबल डुललं, मध्ये कुणाचं बोट आलं, तरी त्याला काही कळत नाही. म्हणून कोडमध्ये जे लिहिता येत नाही, ते तुम्हाला नट-बोल्टने सांगावं लागतं.

३०१८ म्हणजे काय रे भाऊ?

सुरुवात करणारे बहुतेक जण ‘३०१८’ नावाचं मशीन घेतात. नावातच माप आहे. ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद एवढी कापायची जागा, आणि वर-खाली साधारण ४५ मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या खाचांच्या पट्ट्यांची फ्रेम, २४ व्होल्टचा सप्लाय आणि टूल फिरवायला एक छोटी मोटर, म्हणजे स्पिंडल. आत बहुतेक वेळा जीआरबीएल नावाचं मोफत सॉफ्टवेअर असतं. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये ते अर्दुइनोसाठी लिहिलं. आज जगभरातली हजारो घरगुती मशीन्स त्यावर चालतात.

आकड्यांनी मशीन चालवायची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्याचा वळणदार आकार हाताने अचूक काढणं जिकिरीचं, म्हणून त्यांनी आकड्यांवरून मशीन हलवायची कल्पना मांडली. त्यातूनच पुढे १९५२ मध्ये एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं. ते खोलीभर पसरलेलं होतं. पुढे याच एमआयटीतून ‘फॅब लॅब’ची चळवळ सुरू झाली. तिचं अगदी सुरुवातीचं केंद्र आपल्या पुणे जिल्ह्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये उभं राहिलं. म्हणजे गावातल्या मुलांनी डिजिटल मशीनवर वस्तू बनवायची गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही.

पण एक फरक लक्षात ठेवा. भोसरी किंवा सातपूरच्या एखाद्या शॉपमधलं मशीन काही टन वजनाचं असतं. ते स्वतःच्या वजनानेच अर्धं शांत राहतं. तुमचं ३०१८ सात-आठ किलोचं. त्याला जे वजन नाही, ते तुम्हाला बाहेरून द्यायचंय.

डुलणारं टेबल नको

३०१८ मध्ये स्पिंडल डावी-उजवीकडे जातो आणि खालचा बेड पुढे-मागे सरकतो. बेडने दिशा बदलली, की प्रत्येक वेळी टेबलाला एक आडवा हिसका बसतो. अक्षरं कोरताना असे हिसके मिनिटाला कितीतरी बसतात. घडीचं टेबल, प्लॅस्टिकचं टेबल किंवा बारीक पायांचं स्टडी टेबल त्या तालावर डोलायला लागतं. मग कडेला लाटा उमटतात, गोल अंडाकृती होतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

एक सोपी टेस्ट करा. टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवा आणि टेबलाच्या कडेला तळहाताने आडवा धक्का द्या. पाणी हलणारच. बघायचं ते टेबल. ते लगेच थांबलं तर पास. मागे-पुढे झुलत राहिलं तर नापास.

नापास टेबल फेकून द्यायची गरज नाही. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे आपण शाळेत शिकलोय. मागच्या दोन पायांना आणि दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या मारा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. घर स्वतःचं असेल तर एल-अँगलने टेबल भिंतीला घट्ट करा. भाड्याचं असेल आणि मालक भिंतीला खिळाही मारू देत नसतील, तर टेबलाच्या खालच्या फळीवर वजन टाका. विटा, वाळूची पोती, सेकंड इयरची जाडजूड पुस्तकं, काहीही चालेल. वरची फळी १८ मिलिमीटर प्लायची असली की मधे वाकत नाही.

उंचीचाही विचार करा. उभं राहिल्यावर मशीनचा बेड साधारण कोपराच्या उंचीवर यावा. खुर्चीत बसल्यावर फिरणारं टूल बरोब्बर डोळ्यांसमोर येत असेल, तर ती जागा चुकीची आहे.

ओट्याचा कडप्पा कामाला येतो

आता वजन. यासाठी महागडं काही लागत नाही. फरशीवाल्याकडे किचनच्या ओट्यातून उरलेले कडप्प्याचे तुकडे पडलेले असतात. ६० बाय ६० सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा २४ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे मशीनच्या तिप्पट! तो एकट्याने उचलू नका, आणि टेबल तेवढं वजन पेलतंय ना, हे आधी बघा.

इथे बरेच जण रबर चुकीच्या जागी लावतात. आवाज खाली जाऊ नये म्हणून मशीनच्या चार पायांखाली मऊ रबर चिकटवलं, की आवाज कमी होतो हे खरं. पण मशीन गादीवर उभं राहिल्यासारखं डुलतं. रबर हवंच, फक्त ते कडप्प्याच्या खाली. तेव्हा क्रम असा पाठ करा: मशीन प्लायवर, प्लाय कडप्प्यावर, कडप्पा रबरावर, रबर टेबलावर. मशीन, प्लाय आणि कडप्पा असे तिघे मिळून एक जड ठोकळा होतात, आणि खालचं रबर खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप वाचवतं.

कडप्प्याला भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका, तो कडेने तडकतो. १८ मिलिमीटर प्लायला बोल्ट लावून मशीन त्यावर बसवा. ॲल्युमिनियमच्या खाचेत टी-नट सरकवून एल-ब्रॅकेट लावले की झालं. प्लाय कडप्प्याला सिलिकॉनने चिकटवा किंवा सी-क्लॅम्पने धरून ठेवा. टेबलावर कडप्प्याच्या चारही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोका. थरथरीने कडप्पा रोज केसभर सरकतो आणि एक दिवस कडेला येतो.

चार पायांतला एक लंगडा

बोल्ट आवळण्याआधी थांबा. मशीन नुसतं ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. टक्-टक् आवाज आला तर एक पाय हवेत आहे. तसंच आवळलं तर बोल्ट मशीनची फ्रेमच पिळतो, आणि मग काहीच काटकोनात राहत नाही. उंच राहिलेल्या पायाखाली कागद सरकवा. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे घरच्या घरी मोजून मिळणारी पाचरच. टक्-टक् थांबेपर्यंत एकेक कागद वाढवा, मग बोल्ट लावा. एकदम एकच बोल्ट पूर्ण आवळू नका. कॅरमच्या सोंगट्यांसारखा समोरासमोर क्रम ठेवून थोडे थोडे आवळत जा.

लेव्हल ट्यूब घेऊन बुडबुडा मधोमध आणत बसायची मात्र गरज नाही. खोलीची जमीन थोडी उतरती असली तरी मशीनला फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो पीळ पडला की.

काटकोन तपासायला सुताराचा गुण्या लावा. त्याहून पक्की टेस्ट मशीनकडूनच करून घ्या. बेडवर मास्किंग टेप चिकटवा आणि टोकदार टूलने १६० बाय १२० मिलिमीटरच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक ठिपके द्यायला लावा. पायथागोरस आठवतोय? दोन्ही कर्ण बरोबर २०० मिलिमीटर यायला हवेत. एक मोठा आणि एक छोटा आला, तर फ्रेम तिरकी आहे. बोल्ट सैल करून पुन्हा बसवा. दोन्ही सारखे, पण २०० पेक्षा कमी-जास्त आले, तर आयताच्या बाजू मोजा. दोष फ्रेमचा नसून स्टेप्सच्या सेटिंगचा असायची शक्यता जास्त.

ते सेटिंगही गणितच आहे. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप्स घेते. ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे १६ तुकडे करत असेल आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे जात असेल, तर २०० गुणिले १६ भागिले ४, म्हणजे मिलिमीटरला ८०० स्टेप्स. तुमच्या मशीनचा स्क्रू मोजा आणि स्वतःचा आकडा स्वतः काढा. व्हायवाला विचारलं तर उत्तर तयार!

जॉब बांधायची कला

शॉपफ्लोअरवर वस्तू मशीनला पक्की करण्याला ‘जॉब बांधणं’ म्हणतात. ३०१८ वर सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. सुटलेली फळी टूलबरोबर गोल फिरते किंवा सरळ अंगावर येते. तिच्यापुढे मोडलेलं टूल ही स्वस्तातली सुटका म्हणायची.

सुरुवात बेडवर एक एमडीएफ पाट बसवण्यापासून करा. त्याला स्पॉइलबोर्ड म्हणतात. हा बळीचा बकरा. टूल आरपार गेलं तर याला कापेल, ॲल्युमिनियमच्या बेडला नाही. त्याचा वरचा थर मशीननेच अगदी पातळसा छिलून घ्या. मग तो टूलच्या हालचालीला समांतर होतो आणि कोरीवकाम एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ असं होत नाही.

क्लॅम्प लावताना दोन गोष्टी बघा. बोल्ट जॉबच्या जवळ हवा आणि मागचा आधार लांब. उलटं केलं तर सगळा दाब आधारावर जातो आणि जॉब मोकळाच राहतो. दुसरं, क्लॅम्पची पट्टी सपाट किंवा जॉबकडे किंचित उतरती असावी. मागून खाली झुकलेली पट्टी जॉब दाबण्याऐवजी कडेने सटकते. बांधून झालं की जॉब हाताने जोर लावून हलवून बघा. तुम्हाला हलवता आला, तर मशीनलाही येईल.

पातळ ॲक्रिलिक किंवा पीसीबीला क्लॅम्प अडचणीचे होतात. तिथे दोन्हीकडून चिकटणारी टेप चालते. नाहीतर जॉबला आणि बोर्डला मास्किंग टेप लावून दोन्ही टेपच्या पाठींमध्ये सुपरग्लू टाका. निघतेही सहज. मात्र खाली भुसा असेल तर कुठलीच टेप धरत नाही, आधी पुसून घ्या. आकार आरपार कापून वेगळा करायचा असेल, तर डिझाइनमध्ये कडेला तीन-चार छोटे जोड सोडा. त्यांना टॅब म्हणतात. नाहीतर शेवटच्या क्षणी सुटलेला तुकडा टूलमध्ये अडकून उडतो. टॅब नंतर कटरने कापून पॉलिश पेपर मारला की काम फत्ते.

वायर, लॅपटॉप आणि लाइट

स्पिंडलच्या मोटरमुळे विजेचा गोंगाट तयार होतो. यूएसबीची वायर त्याच्या वायरला चिकटून गेली असेल, तर मधेच कनेक्शन तुटतं. दोन्ही वायरी वेगळ्या वाटेने न्या आणि यूएसबीची वायर आखूड, चांगल्या प्रतीची घ्या. हलणाऱ्या भागांच्या वायरी ओढल्या जाणार नाहीत इतक्या सैल ठेवा आणि टायने बांधा. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा, अपडेट पुढे ढकला. दोन तासांचा जॉब शेवटच्या दहा मिनिटांत लॅपटॉप झोपल्यामुळे वाया जाणं फार जिवावर येतं.

सप्लायचा डबा उघड्या स्क्रूंचा असेल, तर त्या स्क्रूंवर २३० व्होल्ट असतात. झाकण लावा आणि डबा भुसा उडणार नाही तिथे ठेवा. ॲल्युमिनियमचा किंवा पीसीबीवरच्या तांब्याचा कीस आत गेला तर शॉर्टसर्किट होतं. अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटशिवाय मशीन लावू नका.

आणि लाइट जाणार, हे धरूनच चला. लाइट गेल्यावर मशीन आपण कुठे होतो ते विसरतं. आली की ‘रिझ्यूम’ दाबायचा मोह होतो. तो टाळा. आधी स्पिंडलचा स्विच बंद, मग टूल वर, मग शून्य पुन्हा सेट. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतो, म्हणून बोर्ड अधूनमधून पुन्हा छिला आणि स्क्रूंना हलकं तेल द्या.

लाल बटण कुठे आहे?

हे अनेकांना माहीत नसतं. जीआरबीएलमध्ये ‘फीड होल्ड’ दिलं, की मशीनची हालचाल थांबते, पण स्पिंडल फिरतच राहतो! म्हणजे स्क्रीनवर ‘होल्ड’ दिसतंय म्हणून हात घातला, तर टूल पूर्ण वेगात असतं. म्हणून स्पिंडलची वीज तोडणारं खरंखुरं, मशरूमच्या आकाराचं लाल बटण हवंच. ते टेबलाच्या पुढच्या कडेला लावा. मशीनवरून वाकून हात न्यावा लागेल अशा जागी नको. बटण सगळ्या ग्रुपला माहीत हवं, आणि डोळे मिटून हात तिथे पोचायला हवा.

बऱ्याच स्वस्त मॉडेल्सना टोकाला थांबवणारे लिमिट स्विच नसतात. तेही नंतर नक्की लावा.

अंगावरचं काय? हातमोजे नकोत. वाचायला विचित्र वाटेल, पण फिरणारं टूल मोज्याचा धागा पकडतं आणि बोट आत ओढतं. मोकळे केस, ओढणी, लोंबणारी इअरफोनची वायर आणि गळ्यातलं कॉलेजचं आयकार्ड, सगळं बाजूला. चष्मा हवाच, म्हणजे सेफ्टी गॉगल. एमडीएफचा भुसा आणि पीसीबीतल्या काचेच्या धाग्यांची पूड फुप्फुसात जाते, त्यामुळे एन-९५ मास्क लावा. भुसा फुंकू नका, व्हॅक्यूमने ओढा.

यातली बरीच मशीन्स लेझरसोबत मिळतात. तो निळा ठिपका गमतीचा नाही. परावर्तित किरणही डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्या लेझरच्या तरंगलांबीसाठी बनवलेलाच गॉगल हवा. नुसती रंगीत काच उपयोगाची नाही. रूममधल्या बाकीच्यांनाही गॉगल द्या, नाहीतर बाहेर पाठवा. पीव्हीसी आणि रेक्झिन लेझरखाली अजिबात नको, त्यातून विषारी आणि आम्लयुक्त धूर निघतो. लेझर असो की टूल, मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही. आग लागायला चहाइतकाच वेळ पुरतो.

चौकट: पहिल्या कटच्या आधी

- टेबलाची ग्लास टेस्ट झाली?
- चारही पाय टेकलेत, बोल्ट आवळलेत?
- दोन्ही कर्ण सारखे?
- जॉब हाताने हलवून बघितला?
- क्लॅम्प टूलच्या वाटेत नाहीत ना? टूल हवेत उचलून, स्पिंडल बंद ठेवून एकदा पूर्ण प्रोग्रॅम चालवा.
- लाल बटण दाबून स्पिंडल खरंच थांबतो का बघितलं?
- पहिला कट मऊ लाकडात, अर्धा मिलिमीटर खोल. घाई नको.

हे सगळं वाचून वाटेल, की कोरायचं काम तर कुठेच आलं नाही. बरोबर आहे. मशीन जोडायला एक संध्याकाळ लागत असेल, तर बसवायला दोन लागतात, आणि पहिलं सुबक अक्षर त्या दोन संध्याकाळींचं असतं. कारखान्यातही असंच चालतं. तिथे ऑपरेटर आणि सेटर ही दोन वेगळी कामं. ऑपरेटर बटण दाबून तयार सेटिंगवर मशीन चालवतो. जॉब बांधणारा, टूल लावणारा, शून्य ठरवणारा तो सेटर, आणि मशीन त्याच्या भरवशावर चालतं. तुमच्या रूमवरच्या सात-आठ किलोच्या मशीनने तुम्हाला तेवढं शिकवलं, तर कॉन्ट्री वसूल झाली म्हणायची.